टिटवीचा डोळा

सर, तुमच्या कपाटातल्या पुस्तकातली ती बर्फाच्या मुलखातली चित्रं मी परवा नागपूरच्या प्रदर्शनात खरीखुरी पाहिली. घुबड, सील, पाठीवर लेकरू घेतलेली बाई. कॅनडाच्या उत्तरेकडचे ते इन्युइट लोक. ज्या बायांची अर्धी हयात कातडी शिवण्यात गेली, त्यांतल्या काहींनी उतारवयात पहिल्यांदा पेन्सिल धरली आणि हात जराही कचरला नाही, हे तुम्ही वर्गात किती कौतुकानं सांगायचात. चित्र काढणारी एक, दगड कोरणारा दुसरा, शाई लावून छापणारा तिसरा, आणि कागदावर तिघांचीही निशाणी. परवा मी आधी त्या निशाण्याच शोधल्या. चित्रं नंतर पाहिली.

मी नववीत होते. माझी माय घाटंजीच्या आठवडी बाजारात पाटे टाकवायला बसायची, म्हणजे झिजलेल्या पाट्यावर टाकीनं पुन्हा ठिपके पाडायची. वर्गात मी हे कुणाला कळू दिलं नव्हतं. तुम्ही मात्र झिजून गुळगुळीत झालेला एक पाटा सायकलला बांधून थेट तिच्यापुढे नेऊन ठेवलात. "बाई, तुमच्या पोरीनं टिटवी काढली, एवढी कोरून देसान का?" माय म्हणाली, "गुर्जी, पाट्यावर पाखरू कोरलं त मंग चटणी कायच्यावर वाटाव?" पण तिनं कोरलं. आठ दिवस ती टिटवीभोवतालचा दगड खरवडत होती, आणि डोळ्यासाठी तिनं टाकीचा एकच ठोका दिला. लग्नपत्रिकांच्या प्रेसमधली शाई, पतंगाचा कागद, आणि तो चमच्याच्या पाठीनं घासणारे तुम्ही. कागद उचलला तर काळ्या टिटवीत तो पांढरा डोळा आमच्याकडेच पाहतोय. मला मायचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. तो मी कुणाला सांगितला नाही, एवढंच.

शेवटचा कागद निघाल्यावर तुम्ही मायला त्या लोकांची रीत सांगितलीत, की छपाई संपली की ते दगडावर ओरखडे ओढतात, म्हणजे पुन्हा छाप निघत नाही. तिला ते फारच पटलं. तिनं अख्ख्या टिटवीवर टाकी चालवली आणि पुढं कितीतरी वर्षं त्याच पाट्यावर ठेचा वाटला. तुम्हीही तो खाऊन डोळ्यांतून पाणी काढलंत.

चित्राखाली तुम्ही तीन शब्द लिहिलेत. चित्र, दगड, छपाई. छपाईपुढे स्वतःचं नाव घातलंत आणि कागद मला दिलात. "बाकीचे दोन तू भर. पेन्सिलनंच लिही." मी दोन्हीकडे माझं नाव लिहिलं. यवतमाळच्या प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, हा डोळा कुणी कोरला, तेव्हाही मीच म्हणाले, मी. थोड्या वेळानं माय आली, धुवट लुगडं नेसून. तिला वाचता येत नव्हतं. "माह्यं नाव कोठी हाय वं?" मी माझ्याच नावावर बोट ठेवलं. तिनं त्यावरून हळूच बोट फिरवलं आणि हसली. तुम्ही मागेच उभे होतात. परतताना एसटीत तुम्ही एवढंच विचारलंत, "पेन्सिलनं लिहायले काहून सांगतलं, आलं का ध्यानात?" मी नाही म्हटलं. आलं होतं, सर.

आता माय थकली आहे. चित्र तिच्या खाटेसमोर टांगलेलं आहे, आणि घरी येईल त्याला ती दाखवते, हे माह्यं नाव. मीही आता चित्रकला शिकवते, पोरींना तुमचीच वाक्यं ऐकवते आणि दरवेळी त्या तीन निशाण्यांपाशी आले की जीभ अडखळते. नागपूरहून आले ती सरळ तिच्याकडे गेले. चौकट उतरवली, दगडापुढचं माझं नाव रबरानं खोडलं, तिचं लिहिलं. पेन्सिलनंच.

"काय लिहून राह्यली वं?"

"तारीख."

"माह्यं नाव त नाही ना पुसलं?"

"नाही माय," मी म्हटलं. हे पत्र मी त्याच चौकटीत, पुठ्ठ्याच्या मागे सरकवून ठेवते आहे. तिला खरं सांगणं अजूनही माझ्याच्यानं झालं नाही, सर.