व्हर्लिनच्या उजव्या खिशातलं

ती. नोलाताईस,

धाकट्या आर्डिथचा नमस्कार, आणि लांबूनच एक घट्ट मिठी. तुझा नवा गुडघा कसा आहे? जिना चढतेस की अजून खालच्याच खोलीत मुक्काम? डॉयलदाजींचं ब्लडप्रेशर आटोक्यात असेल. (नसेल तर सकाळची सॉसेजची ग्रेव्ही बंद कर. ते चिडतील, पण जगतील.) इकडे व्हर्लिन आणि मी दोघंही बरे आहोत, म्हणजे शरीराने. मनाचं तू विचारलं नाहीस तरी मी सांगणारच आहे, म्हणून तर सकाळपासून कागद पेन घेऊन बसले आहे. फोन केला असता, पण फोन स्वयंपाकघरात आहे आणि व्हर्लिनही तिथेच बसला आहे.

तुला माहीतच आहे की दर शुक्रवारी मी चर्चमधून जेवणाचे डबे घेऊन डोंगरातल्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना पोचवते. नऊ घरं आहेत. त्याच रस्त्यांवर मी सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे भीती कसली ती माहीत नव्हती. ओढ्याच्या पुलाअलीकडे एक जुनं पत्र्याचं ट्रेलर-घर आहे. ते इतकी वर्षं रिकामं होतं. या हिवाळ्यात तिथे दोन माणसं राहायला आली. एक म्हातारा, तो कधी बाहेर दिसत नाही. दुसरा पस्तिशीचा, छातीपर्यंत दाढी आणि मानेवर गोंदलेला साप. आसपास सपाट जागा तेवढीच, म्हणून पुढच्या घरांचे डबे नीट लावायला मी तिथेच गाडी थांबवते. महिन्यापूर्वीच्या शुक्रवारी मी डबे लावले, गाडीत बसले, किल्ली फिरवली, आणि तो सापवाला धावत आला आणि माझ्या काचेवर मूठ आपटायला लागला. तोंडाने काहीतरी ओरडत होता. काच बंद होती आणि आत भजनांची कॅसेट मोठ्याने लावलेली होती, त्यामुळे एक शब्द कळला नाही. मी गाडी अशी काढली की बस चालवताना तशी काढली असती तर नोकरी गेली असती. आरशात पाहिलं तर तो दोन्ही हात उंचावून पुलापर्यंत माझ्या गाडीमागे धावत होता. (त्या गोंधळात पुढच्या घरच्या एफीआजीचा डबाही कुठे गेला कळेना. तिला मी माझ्या पर्समधली बिस्किटं दिली. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही.)

हे मी व्हर्लिनला सांगितलं नाही. तो डबे पोचवणं बंद करायला लावेल याची खात्री होती. आपला व्हर्लिन कसा आहे तुला ठाऊक आहे. घरात गांधीलमाशी शिरली तर तिच्यावर पेला उपडा घालतो, खालून पोस्टकार्ड सरकवतो आणि तिला अंगणात सोडून येतो. त्याच्या जिवाला घोर नको म्हणून मी मनाशीच ठरवलं की एक लहानसं पिस्तूल घ्यायचं. इतकं लहान, की त्या सापवाल्याला गरज पडली तर दिसेल, पण व्हर्लिनला कधीच दिसणार नाही.

ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून चाळीस मैलांवरच्या दुकानात गेले. एका बाजूला मासे पकडायचे गळ, दुसऱ्या बाजूला बंदुका, मधल्या काउंटरवर टॅमरा नावाची तेवीस वर्षांची पोरगी, तिच्या हिरव्या नखांवर बारीक चांदण्या. मला वाटलं होतं ती विचारेल की नेम कसा आहे. तिने विचारलं, "काकू, तुम्ही रोज कपडे काय घालता?" मी हबकले. तर म्हणे, पिस्तूल कपडे बघून निवडायचं असतं, कारण बायकांच्या पँटीला खिसा म्हणून जे शिवतात त्यात रुमालसुद्धा मावत नाही. मग तिने माझा खिसा रिकामा करायला लावला. पेपरमिंटच्या गोळ्या निघाल्या, दुकानांची कूपनं निघाली, एक सेफ्टीपिन आणि कुणाचा तरी दुधाचा दात निघाला. म्हणाली, ज्या खिशात पिस्तूल त्यात दुसरं काही ठेवायचं नाही, आणि ते नुसतं टाकायचं नाही, चाप झाकणाऱ्या कातडी पाकिटात घालून ठेवायचं. ताई, त्या दोन मिनिटांत मला माझ्याच खिशाची जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात वाटली नव्हती.

पहिलं पिस्तूल पत्त्यांच्या जोडाएवढं होतं. मी बघताक्षणी त्याच्या प्रेमात पडले. पण ते भरायचं तर वरचा भाग पकडून मागे ओढावा लागतो, आणि माझी संधिवाताची बोटं. तो इंचभर हलेना. मी ते दोन्ही हातांत धरून जोर लावला, मग पोटाशी धरून लावला, आणि माझ्या लक्षात आलं की गळांच्या बाजूची दोन गिऱ्हाइकं खाली बसली आहेत. पिस्तूल रिकामं होतं, पण त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. टॅमराने दोन बोटांनी नळीचं तोंड जमिनीकडे वळवलं. दुसरं पिस्तूल सहज ओढता आलं, पण ते खिशात घातल्यावर मी बटाटे चोरून नेते आहे असं दिसत होतं. मग म्हणाली, पहिलंच मागच्या मैदानात चालवून बघा, मी भरून देते. मला वाटायचं, लहान पिस्तूल म्हणजे लहान धक्का. उलटंच असतं. जितकं हलकं तितकं उर्मट. चाप ओढला तसा कोपरापर्यंत हात झिणझिणला, चष्मा कपाळावर गेला, आणि माझ्या समोरचा कागदी माणूस जसाच्या तसा हसत उभा होता. शेजारच्या गृहस्थांच्या कागदी माणसाचा मात्र कान उडाला होता. ते गृहस्थ सभ्य होते. माझ्याकडे बघून त्यांनी टोपी काढली आणि दोन जागा पलीकडे गेले.

शेवटी तिने एक पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर काढलं. ओढायचं काही नाही, फक्त चाप जड. मला ते पटलं. नाव लिहायला म्हणून तिने माझं लायसन्स घेतलं आणि वाचता वाचता थांबली.

"स्लोन? व्हर्लिनकाका तुमचे कोण?"

मी म्हटलं, "नवरा. का गं?"

"अय्या, मग सोपंच झालं. त्यांच्याकडे हेच आहे, गोळ्याही याच लागतील. फक्त त्यांच्याला मागे घोडा आहे, तो बाहेर आलेला खटका, तुम्ही हे बिनघोड्याचंच घ्या. घोडा खिशात अडकतो. मी त्यांना कितीदा सांगितलं, पण ऐकत नाहीत. दर बुधवारी येतात ना सरावाला. नेम काय सुंदर आहे हो काकांचा."

ताई, दर बुधवारी व्हर्लिन खांद्याच्या व्यायामाला जातो. मीच त्याला गरम पाण्याची पिशवी करून देते, आल्यावर खांदा दुखतो म्हणून. आता कळलं का दुखतो ते. मी काही न घेता बाहेर पडले. ते चाळीस मैल मी कसे आले, वाटेत सिग्नल होते की नव्हते, काही आठवत नाही.

घरी आले तर तो जेवायचा थांबला होता. घेवड्याची आमटी, मक्याची पोळी. मी समोर बसून त्याच्याकडे बघत राहिले. चव्वेचाळीस वर्षं या माणसाचे कपडे मी धुते. त्याचा उजवा खिसा खालून फाटतो आणि मी तो पुन्हा पुन्हा शिवते. मला वाटायचं, किल्ल्यांमुळे फाटतो.

"व्हर्लिन, उजव्या खिशात काय आहे?"

"रुमाल."

"आणि?"

त्याने घास संपवला, तोंड पुसलं, आणि ते काढून आमटी आणि लोण्याच्या मधे टेबलावर ठेवलं. इतकं शांतपणे, जणू मी मीठच मागितलं होतं.

"किती वर्षं?"

"एकोणीस."

मी मनात हिशेब लावला आणि गार पडले. "म्हणजे आपल्या डोनाच्या लग्नात?"

"हो."

"आईच्या अंत्ययात्रेत?"

"शवपेटीला उजवा खांदा होता. म्हणून त्या दिवशी डाव्या खिशात घेतलं होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू घाबरली असतीस."

हेच वाक्य मी महिनाभर माझ्यासाठी तयार ठेवलं होतं, ते त्याने माझ्या आधी वापरून टाकलं. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात त्याने विचारलं की तुला हे सांगितलं कोणी. मग दुकानात कशाला गेले होते ते सांगावं लागलं, आणि ते सांगायचं म्हणजे काचेवरच्या मुठीचंही सांगावं लागलं. व्हर्लिनने ताट बाजूला सारलं. उठला. टेबलावरचं उचलून खिशात घातलं आणि टोपी घेतली.

मी त्याला एकट्याला जाऊ देणार नव्हते. घरातल्या सपातांवरच ट्रकमध्ये चढले. वाटेत म्हटलं, "अरे, तू गांधीलमाशीसुद्धा मारत नाहीस."

तो म्हणाला, "गांधीलमाशीने तुझ्या काचेवर मूठ आपटली नव्हती."

त्याचा जबडा इतका घट्ट मी पूर्वी एकदाच पाहिला होता, आमची लेक डोना वाचणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते तेव्हा.

ट्रेलरपाशी ट्रक थांबला. सापवाला पायरीवर बसला होता. मला बघून तो झटकन उठला, आत गेला आणि लगेच बाहेर आला. एक हात पाठीमागे होता. व्हर्लिन खाली उतरला आणि त्याचा हात खिशात गेला. ताई, मी गाडीच्या दाराला धरून उभी होते. मला ओरडायचं होतं, पण कुणाला थांब म्हणू हेच कळेना.

व्हर्लिनचा हात खिशातून निघेना. घोडा रुमालात अडकला होता. मीच इस्त्री करून दिलेला रुमाल. त्याने एकदा ओढलं, दोनदा ओढलं, खांदा हिसकला, चेहरा आधी लाल झाला आणि मग पांढरा पडला. समोरचा जागीच थांबला.

"काका, छातीत दुखतंय का?"

असं म्हणून त्याने मागचा हात पुढे आणला. हातात माझं निळं एनॅमलचं भांडं होतं. झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर माझ्या अक्षरात 'एफी'. ते त्याने घाईने ट्रकच्या बॉनेटवर ठेवलं, व्हर्लिनला दंडाला धरलं आणि पायरीवर बसवलं. आत ओरडून पाणी मागितलं. तो म्हातारा भिंत धरत धरत पाणी घेऊन आला. नुसती हाडं राहिली आहेत, तोंडात एक दात नाही. व्हर्लिन डाव्या हाताने पाणी प्यायला. उजवा खिशातच.

"बाई, त्या दिवशी तुम्ही हे टपावर विसरून निघाला होतात," तो मला म्हणाला. "मी काच वाजवली, मागे धावलो. पुलावर पडलं. झाकण घट्ट होतं म्हणून सांडलं नाही." मग जरा खाली बघून म्हणाला, "आम्ही खाल्लं ते. तुम्ही शुक्रवारी दिसाल म्हणून भांडं घासून ठेवलं, पण तुम्ही इथे थांबेनाशाच झालात. माझ्या या मामांच्या घशाचं ऑपरेशन झालंय. तीन दिवसांनी काहीतरी गिळता आलं त्यांना."

त्यात कोंबडीच्या रश्श्यातले कणकेचे गोळे होते. त्या माणसाचं नाव लॉन्झो आहे. आईच्या भावाला सांभाळायला खाणीतली नोकरी सोडून आला आहे. व्हर्लिनच्या डोळ्यांत पाणी आलं. "ऊन फार आहे," तो म्हणाला. आभाळ पूर्ण भरलेलं होतं.

येताना ट्रक मीच चालवला, आणि घरी येऊन कात्रीने तो खिसा कापला तेव्हा कुठे घोड्याचा आणि रुमालाचा गुंता सुटला. दोघंही टेबलाशी बसलो. रुमाल नसता तर काय झालं असतं हे दोघांनीही उच्चारलं नाही. आणि मी मनात दुसरंच धरून बसले होते. त्या शुक्रवारी पत्त्यांच्या जोडाएवढं ते माझ्या मांडीवर असतं तर? माझा नेम वाईट आहे, पण काच हातभर अंतरावर होती. मी चार दिवस माझ्या या हाताकडे बघते आहे, ताई, आणि याच हाताने तुला लिहिते आहे. व्हर्लिनने ते गोठ्यातल्या लोखंडी पेटीत ठेवून कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. मी घेतली.

थकले आता. दाजींना नमस्कार सांग, गुडघ्याला जप.

तुझी,
आर्डिथ

ता. क. खरं म्हणजे पत्र लिहायचं कारण राहूनच गेलं. लॉन्झोच्या मामांचं नाव डब्यांच्या यादीत घालायचं आहे. समितीची अध्यक्ष जिनीव्हा म्हणते की यादी भरली, आणि ती माणसं गावात येऊन वर्षही झालेलं नाही. तू तिच्याबरोबर एका बाकावर शिकलीस, तुझं ऐकेल. दोन ओळी लिही. तोवर व्हर्लिन आणि मी आमच्यातलं नेऊन देतो.

ता. क. दुसरं. पत्र जरा नम्र लिही. समितीच्या बैठकीत मी ही सगळी हकीकत सांगितली, म्हटलं बायकांनाही धक्का बसू दे. सहापैकी चौघींनी आपापली पर्स थोपटली. जिनीव्हाचं विणकामाच्या पिशवीत असतं.

ता. क. तिसरं, आणि हे दाजींसमोर वाचू नकोस. टॅमरा हेही म्हणाली होती की तीन वर्षांपूर्वी काकांनी आणखी एक नेलं, साडूभाऊंच्या पासष्टीला द्यायला. त्या वाढदिवसाला व्हर्लिनने गळांचा डबा दिला म्हणून तू मला कळवलं होतंस, आणि दाजी तो कुणाला हात लावू देत नाहीत असंही लिहिलं होतंस. ते बाहेर गेले की तो डबा उघडून बघ. खुर्चीत बसून उघड.