रिकाम्या डब्यातल्या अडॅप्टरबाबत

दिनांक : ७ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. प्रशासक,
उल्हास-पाताळगंगा खोरे भात बियाणे सहकारी संघ,
मुख्य कार्यालय, शिळफाटा, खोपोली,
ता. खालापूर, जि. रायगड.

अर्जदार : सौ. हर्षला ओमकार म्हसकर, संगणक चालक (कंत्राटी), संघाचे बियाणे शीतगृह, कर्जत. राहणार शेलू, ता. कर्जत.

विषय : शीतगृहाच्या संगणकातील दोन आभासी अडॅप्टर जागेवर न सापडल्याच्या कारणावरून काढून टाकण्याचा आदेश रद्द होणेबाबत.

संदर्भ : १) आपले आदेशपत्र (जावक क्रमांकावर शिक्का बसल्यामुळे क्रमांक वाचता आला नाही).
२) पडताळणी अधिकाऱ्यांचा अहवाल.
३) सोबत पाठवलेला डबा.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करते की, येत्या सोमवारी पडताळणी अधिकाऱ्यांच्या समक्ष दोन अडॅप्टर संगणकातून काढून टाकावेत असा तिला आदेश झाला आहे. तसे केल्यास शीतगृह बंद पडेल आणि आतले बियाणे पावसाळी हवेत मरेल. एवढेच वाचून साहेबांनी अर्ज बाजूला ठेवला तरी अर्जदाराची हरकत नाही, फक्त आदेश रद्द करून मग ठेवावा. परंतु तसे होणार नाही अशी धास्ती असल्याने सविस्तर निवेदन खालीलप्रमाणे.

१. शीतगृह ज्या संगणकावर चालत असे तो फार जुना होता. त्यातला प्रोग्रॅम मोठा हट्टी आहे. त्याला दोन डिस्क लागतात. एकीवर तो स्वतः राहतो, दुसरीवर तापमान लिहीत जातो, आणि दोहोंपैकी एक जरी दिसली नाही तरी थंडाव्याचे यंत्र बंद करून गप्प बसतो. या डिस्क स्कझी नावाच्या जुन्या पद्धतीने जोडलेल्या असत आणि त्यासाठी मध्ये अडॅप्टर नावाचे एक-एक कार्ड बसवलेले होते. दोन वर्षांपूर्वी वीज पडून तो संगणक जळाला. डिस्क तेवढ्या वाचल्या. नवीन यंत्रणेचा प्रस्ताव तेव्हापासून मुख्य कार्यालयात विचाराधीन आहे, त्याबद्दल अर्जदार येथे काही बोलत नाही.

दरम्यान बियाणे तर गार ठेवायलाच हवे होते. म्हणून अर्जदाराने दोन्ही डिस्कमधला सगळा ऐवज नव्या संगणकात उतरवून घेतला आणि त्यावर एम्युलेटर बसवला. एम्युलेटर म्हणजे जुन्या संगणकाचे हुबेहूब सोंग आणणारा प्रोग्रॅम. जुन्या हट्टी प्रोग्रॅमला वाटते आपण अजून आपल्याच घरी आहोत. पण सोंग पुरते वठावे लागते. कोणता अडॅप्टर बसवला आहे, त्याचा पत्ता काय, डिस्क कितव्या क्रमांकावर आहे, हे सर्व एम्युलेटरला सांगावे लागते. अर्जदाराला यातले आधी काही येत नव्हते हे ती मान्य करते. नवे ते चांगले असे समजून तिने यादीतला सर्वांत नवा अडॅप्टर निवडला, तर जुन्या प्रोग्रॅमने त्याला ओळखच दिली नाही. मग डिस्क सात क्रमांकावर ठेवली, तर डिस्कच दिसेना. सात हा आकडा अडॅप्टर स्वतःसाठी राखतो. पंगतीत वाढप्याच्या वाटेवर कोणी पान मांडावे, तसे ते झाले होते. शेवटी जुन्याच बनावटीचे दोन अडॅप्टर निवडले, डिस्क योग्य क्रमांकावर ठेवल्या, आणि यंत्र घरघरले. त्या दिवशी अर्जदाराला रडू आले होते. ही बाब कार्यालयीन नाही, तरी नमूद केली आहे.

सारांश, हे अडॅप्टर खरे नाहीत. त्यांना हात लावता येत नाही. त्या सगळ्या सोंगात एक केबल तेवढी खरी आहे, ती थंडाव्याच्या यंत्राकडे जाते.

२. आता डब्यांविषयी. आमचे भांडारपाल श्री. कमलेश भोईर हे अत्यंत नेकीचे गृहस्थ आहेत. संघात आलेली प्रत्येक वस्तू, मग ती खुर्ची असो की झाडू, तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने क्रमांक घातल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही. अर्जदाराच्या संगणकावर "अडॅप्टर जोडला" अशी अक्षरे त्यांनी पाहिली आणि कौतुकाने म्हणाले, "पोरी, एवढं केलंस, मग दप्तरी लागायला नको? उद्या कोणी म्हणंल हर्षलाने काय केलं नाय!" त्यांनी दोन अडॅप्टर नोंदवले आणि ब्रश घेऊन आले. क्रमांक कशावर घालायचा? अर्जदाराने पुष्कळ समजावले, पण क्रमांक नाही म्हणजे वस्तू नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. अखेर त्यांनी दिवाळीतल्या बिस्किटांचे दोन रिकामे पत्र्याचे डबे आणले, एकावर एक आणि दुसऱ्यावर दुसरा क्रमांक घातला आणि संगणकाच्या शेजारी मांडले. अर्जदार हसली. तेव्हा हसायला नको होते असे आता वाटते.

३. मागील महिन्यात पडताळणी अधिकारी आले. यादीत अडॅप्टर दोन, टेबलावर डबा एक. तोही उघडला तर रिकामा. दुसऱ्या डब्याची चौकशी केली असता श्री. कमलेश यांचा चेहरा पडला. तो डबा त्यांच्या घरी गेला असून त्यात सुकट भरलेली आहे असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. लगेच माणूस धाडून डबा आणवला. वहिनींनी सुकट काढून डबा घासून दिला होता, पण वास तो वासच. अहवालात असे लिहिले आहे की, "एक अडॅप्टर वेष्टनातून गहाळ, दुसऱ्याचे वेष्टन खासगी वापरात, मासळीचा वास." अर्जदाराने हे वाचून कपाळावर हात मारला. अडॅप्टर डब्यात कधीच नव्हता, तो असा डब्यात मावणारा नाही, हे तिने तीनतीनदा सांगितले. त्यावर, मग तो कोठे आहे ते दाखवा, असे फर्मान निघाले. तिने पडद्यावरची ओळ दाखवली. ते म्हणाले, हे तर नाव झाले, वस्तू कुठे?

४. एवढ्यावर थांबले असते तरी भागले असते. जळालेला जुना संगणक आपल्याच मंजुरीने निर्लेखित होऊन कुंभिवलीच्या भंगारवाल्याकडे गेलेला आहे. त्यावरून अहवालात असा निष्कर्ष काढला आहे की, ज्याअर्थी यादीतील अडॅप्टर जुन्या बनावटीचे आहेत, त्याअर्थी ते भंगारात देण्याआधीच कोणीतरी काढून घेतले असावेत. कोणीतरी म्हणजे अर्जदार, हे लिहायची गरज त्यांना वाटली नाही, कारण त्या खोलीत तिच्याशिवाय दुसरे कोणी बसत नाही. अर्जदाराच्या सासरी शेलूला ही गोष्ट पोचली आहे. सासूबाई सौ. इंदूबाई यांनी काल चहा देताना हळूच विचारले, "काय गं, ते अडाप्टर का काय, ते घरी तर आणलं नायस ना?" साहेब, यावर सुनेने काय उत्तर द्यावे हे आपणच सांगावे.

५. तथापि अर्जदाराचे खरे दुखणे वेगळे आहे, ते असे. पडताळणीच्या दिवशी अधिकाऱ्यांनी, अडॅप्टर इतका आवश्यक असेल तर काढून दाखवा, असे सांगितले. तिने नाइलाजाने दोन्ही काढले. प्रोग्रॅम थांबला, यंत्राची घरघर बंद झाली. अधिकारी शीतगृहाचे दार उघडून आत गेले, हात चोळत बाहेर आले आणि म्हणाले, "आत तर गारच आहे." अर्थात गारच असणार! भिंती जाड, दार जाड, मुरलेला गारवा लगेच कसा जाईल? तिने थोडे थांबा म्हणून हातापाया पडून सांगितले. परंतु त्यांची पुढची पडताळणी खालापुरात होती आणि गाडी उभी होती. त्यांनी तिथेच उभ्याउभ्या लिहिले की, "अडॅप्टर काढूनही शीतगृह थंडच राहिले, सबब अडॅप्टर अनावश्यक."

त्यांची गाडी वळणापलीकडे गेल्याबरोबर अर्जदाराने दोन्ही अडॅप्टर परत जोडले. नियमानुसार हा विनापरवाना केलेला बदल ठरतो. तो तिने केला आहे आणि पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा करील.

६. आता बियाणे कोणाचे, हे सांगितल्याशिवाय हा अर्ज पुरा होत नाही. शीतगृहात पुष्कळांचे आहे, पण अर्जदाराची झोप उडाली आहे ती श्री. आबाजी यांच्यामुळे. ते डोंगरपायथ्याला राहतात. त्यांच्या उताराच्या खाचरांत तांबगुडी नावाचे लाल भात होते. पंचक्रोशीत बाळंतिणीला त्याचीच पेज देतात. आता ते दुसऱ्या कोणाकडे उरलेले नाही. आबाजी आपले बी घरच्या मुड्यात, म्हणजे पेंढ्याच्या गाठोड्यात, बांधून ठेवत. अर्जदार स्वतः त्यांच्या दारात गेली होती आणि म्हणाली होती, "आबा, निम्मं आमच्याकडे द्या. काही झालं तरी इथलं राहील." त्यांनी बराच वेळ विचार केला होता. त्यांच्या पत्नी मोतीबाई म्हणाल्या, "बाय, तुज्या शब्दावर देतो हां आमी. पेटीबिटी आमाला कळत नाय."

यंदा जुलैत वरचा ओहोळ फुटून त्यांचे राबाचे वाफे आणि त्यातली रोपे दगडमातीखाली गेली. घरी ठेवलेले निम्मे बी त्याच वाफ्यांत पेरलेले होते. आता जे काही तांबगुडी आहे ते सगळे आपल्या शीतगृहात आहे. पेरणीची वेळ टळली, म्हणून ते पुढच्या ज्येष्ठापर्यंत तगायला हवे. या दमट हवेत आणि नंतरच्या ऑक्टोबरच्या उन्हात ते बाहेर राहिले तर पुढच्या वर्षी दाणे दिसायला तसेच दिसतील, पण उगवणार नाहीत. आबाजींनी हानी झाल्यावर अर्जदाराकडे येऊन एकच विचारले, "तुमच्याकडचं हाय ना?" ती हाय म्हणाली. तो शब्द सोमवारी खोटा पडतो आहे, आणि तो तिनेच आपल्या हाताने खोटा पाडायचा, असा आदेश आहे.

७. आदेशपत्रात साहेबांनीही अडॅप्टर पाहण्याचा आग्रह धरला आहे. तो दिसणार नाही, पण तो करतो काय हे हाताला कळू शकते. म्हणून सोबत डबा पाठवत आहे. हा तोच रिकामा सापडलेला डबा असून त्यावर श्री. कमलेश यांनी घातलेला क्रमांक शाबूत आहे. आत पिशवीत सीलबंद केलेले मूठभर तांबगुडी आहे. आबाजींना विचारूनच घेतले. ते म्हणाले, "मूठभर गेलं तर जाऊ दे, पण सायबाला एकदा कळू दे." डबा शीतगृहातून काढून भाताच्या तुसात पुरून, खोक्यात घालून, श्री. कमलेश यांचा भाचा गजा याच्या टेंपोने पाठवत आहे. वाटेत कोठेही थांबायचे नाही अशी त्याला शपथ घातली आहे.

तरी विनंती की, खोके येताच साहेबांनी स्वतः डबा बाहेर काढावा आणि त्यास हात लावावा. तो गार लागेल, त्याला घामही फुटेल. उघडू मात्र नये, दमट हवेने बी बिघडते. मग तो टेबलावर तसाच ठेवावा. दालनात एसी असल्यास तेवढा वेळ बंद ठेवावा, नाहीतर पुन्हा सबब थंडच राहिले असे होईल. साहेबांनी जेवून यावे आणि पुन्हा हात लावावा. पहिला हात आणि दुसरा हात यांत जो फरक लागेल, तोच अडॅप्टर. पडताळणी अधिकारी पहिला हात लावून गेले. दुसऱ्या हाताला कोणी थांबले नाही, एवढेच अर्जदाराचे गाऱ्हाणे आहे.

८. वरील सर्व बाबींचा विचार करून आदेश रद्द व्हावा, अडॅप्टर आहेत तेथे राहू द्यावेत आणि श्री. कमलेश यांना सुकटीच्या बाबतीत माफ करावे. चोरीची चौकशी करायची तर खुशाल करावी, अर्जदार घरदार उघडून दाखवील. नोकरी गेली तरी तिची तक्रार नाही, फक्त तिच्या जागी जो येईल त्याने सात क्रमांकावर काही ठेवू नये.

डब्यातले बी कृपया कांडायला देऊ नये. आदेश रद्द झाल्यास ते गजाकडे परत द्यावे, ते पुन्हा आपल्या जागी ठेवले जाईल. आदेश कायम राहिल्यास ते अर्जदाराकडे पाठवू नये. साहेबांनी गाडी काढून डोंगरपायथ्याला जावे आणि ते आबाजींच्या हातात स्वतः द्यावे. मोतीबाई दारातच असतात. त्या विचारतील, बाकीचं कुठं हाय. त्यांना काय सांगायचे ते साहेबांनी ठरवावे, अर्जदाराची तेवढी छाती नाही.

आपल्या उत्तराकडे आणि सोमवारकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,

(सही)
हर्षला ओमकार म्हसकर

सोबत :
१) पत्र्याचा डबा, एक, क्रमांकासहित. आत तांबगुडी, मूठभर.
२) दुसरा डबा पाठवलेला नाही. वास अजून जात नाही.