पाचव्या ‘का’चं उत्तर

संत तुकाराम नगर, पिंपरी
गुरुवार, सकाळ

प्रिय रहिमानभाई यांना,

आधी सलाम, मग नमस्कार, आणि ते दोन्ही पुरणार नाहीत म्हणून वर जोडलेले हात. तुमची तब्येत कशी आहे? चिपळूणची हवा मानवते ना? हसीनाआपांच्या गुडघ्याची चौकशी मुद्दाम करत नाही, कारण त्या गुडघ्याबद्दल आता मला डॉक्टरांहून जास्त माहिती आहे. तुमचा मोबाइल लागत नाही म्हणून काल मी आपांच्या घरच्या फोनवर दोनदा फोन केला. दोन्ही वेळा आपांनीच उचलला, आणि रहिमानला देऊ का असं त्यांनी विचारल्याबरोबर मी ‘नको, नको’ म्हणालो. मग गुडघा, शेक, मोहरीचं तेल अशी विचारपूस करून मी फोन ठेवून दिला. (दुसऱ्या वेळी त्यांनी मला ‘किती काळजी करता हो भाऊ’ म्हटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.) उमर उद्या तिकडे येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतो. जेवण झाल्यावर, भिंतीला टेकून बसून वाचा.

आपण चौघं दर रविवारी सकाळी दहाला आपापल्या घरी संगणकासमोर बसतो, कानाला हेडफोन लावतो आणि खेळातल्या एकाच आभाळात लढाऊ विमानं उडवतो, हे मी आपांना फोनवर समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी ‘या वयात?’ एवढंच विचारलं आणि परत गुडघ्याकडे वळल्या. पण वयाचा विषय निघालाच आहे, तर तिथूनच सुरुवात करावी लागेल, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे.

रविवारची मोहीम तुम्हाला आठवत असेलच, निदान तुम्ही पडेपर्यंतची. वाळवंटातला एक पूल उडवायचा आणि चौघांनी धड परत यायचं, इतकं साधं काम. तुम्ही म्होरके, तुमच्या पाठीशी राखणीला मी, मागे मारुंजीहून आपला आयटीवाला शार्दूल आणि शेवटी सुखदा, जी आकुर्डीच्या शाळेत गणित शिकवते आणि हेडफोनवर गणिताच्या पेपरात बोलावं इतकंच बोलते. विसाव्या मिनिटाला शत्रूची दोन विमानं आडवी आली, जरा पळापळ झाली, आणि तुमच्या विमानाचा धूर झाला. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘कुणी मारलं कळलंच नाही राव.’ त्याच सुमारास मी एक क्षेपणास्त्र सोडून एक विमान पाडलं होतं, आणि एकाच मिनिटात तुम्ही गेलात नि मी सूड उगवला, असा हिशोब लावून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली होती. खरं सांगायचं तर मनातल्या मनात नव्हे. मी विजयश्रीला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावून सांगितलं, आणि तिच्या हातचा बेसनाचा लाडू मागून घेऊन खाल्ला. हा लाडू लक्षात ठेवा, तो मला आता जन्मभर पचणार नाही.

नंतर आपली झाडाझडती झाली. मोहीम संपली की कोण कुठे चुकलं ते मोकळेपणानं बोलायचं, ही चाल बाकीची मंडळी दहा मिनिटांत उरकतात. आपल्याकडे ती तासभर चालते, कारण ती मी चालवतो. चाकणच्या कंपनीत सव्वीस वर्षं गुणवत्ता विभागात काढलेला माणूस मी, मला एखादी चूक मिळाली की पाच वेळा ‘का’ विचारल्याशिवाय झोप येत नाही. माल परत आला. का? भोक मोठं पडलं. का? ड्रिल झिजलं होतं. असं करत पाचव्या ‘का’ला खरं दुखणं हाती लागतं, हे मी आमच्या निघोज्याच्या कारखान्यात किती सुपरवायझरांना घोटून घोटून शिकवलं! आणि पाचव्या ओळीत कुणी ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहून आणलं, तर कागद त्याच्यासमोर टराटरा फाडायचो. माणसावर ढकलणं म्हणजे विचार करायचा कंटाळा, हे माझंच वाक्य, भिंतीवर रंगवून घेतलेलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

रविवारी मी तोच तक्ता उघडला. रहिमानभाई पडले. का? क्षेपणास्त्र लागलं. का? त्यांनी चुकवलं नाही. का? दिसलं नाही. का? मागून आलं आणि त्यांनी मागे पाहिलं नाही. आणि पाचव्या ‘का’पुढे मी, माझ्या या हातांनी, तुमच्यादेखत, टाइप केलं: वयोमानानुसार दृष्टी मंदावली. शार्दूलनं लगेच मान्यता दिली (त्याला भूक लागली होती, त्यानं स्वतःच्या फाशीलाही दिली असती). सुखदा म्हणाली, ‘काका, रेकॉर्डिंग बघून मग ठरवू या का?’ त्यावर मी तिला, मोहिमेत जरा जास्त बोलत जा, असा उपदेश केला. तुम्ही ‘असेल,’ एवढंच म्हणालात आणि हेडफोन काढलात. मला वाटलं, पटलं.

सोमवारी मोशीच्या तुमच्या गॅरेजवर गाडीचा ब्रेक दाखवायला गेलो, तर उमर म्हणाला, अब्बा आत्याकडे गेलेत. जॉयस्टिक कापडात गुंडाळून माळ्यावर टाकायला सांगितली. गाडी चालवत नाहीत, एसटीनं गेले. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतलीये, आणि गॅरेजमध्येही आता हात घालणार नाही म्हणतात, नजरेचा भरवसा राहिला नाही म्हणून. मी तिथे ग्रीसच्या डब्यावर बसलो तो बसलोच. चाळीस वर्षं इंजिनाचा नुसता आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलं ते सांगणारा माणूस, माझ्या एका ओळीनं म्हातारा होऊन एसटीत बसला! तरीसुद्धा, रहिमानभाई, तेव्हा मला फक्त वाईट वाटलं. चुकलो असं वाटलं नव्हतं. ते काल वाटलं.

काल दुपारी चार वाजता, चहाचा कप शेजारी घेऊन, मी सुखदानं पाठवलेलं रेकॉर्डिंग उघडलं. त्यात चौघांची विमानं नकाशावर रंगीत रेघांसारखी दिसतात आणि सगळ्यांचे आवाजही ऐकू येतात. सुरुवातीचा धक्का शार्दूलचा. ज्या अकरा मिनिटांत तो ‘काका, मी दाट ढगात अडकलोय’ असं सांगत होता, त्या अकरा मिनिटांत त्याचं विमान स्वच्छ उन्हात, चाकं खाली सोडून, एका डोंगराला घाण्याच्या बैलासारखं फेऱ्या मारत होतं, आणि मागे त्याचा आवाज येतो, पार्सल गेटवरच ठेवा म्हणून. पुढचा धक्का सुखदाचा. पूल कुणी पाडला यावर आपण रविवारी वाद घातला होता. पूल तिनंच पाडला होता, एकटीनं, एकाच फेरीत, एक अक्षर न बोलता, आणि आपण सगळे दुसरीकडे बोंबलत होतो. तरी तिनं माझा उपदेश ऐकून घेतला. मी कप खाली ठेवला.

आणि मग विसावं मिनिट. तुमची निळी रेघ डावीकडून वळून माझ्या पुढ्यात आली. शत्रूची लाल रेघ केव्हाच उजवीकडे पळून गेली होती. आणि माझ्या विमानाच्या नाकातून एक बारीक पांढरी रेघ निघाली, ती जिथे जास्त धग होती तिथे, म्हणजे तुमच्या इंजिनाच्या ढुंगणाला, जाऊन चिकटली. मी ते सात वेळा मागे नेऊन पाहिलं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता तरी वळेल. मी पाडलेलं शत्रूचं विमान म्हणजे तुम्ही होतात. (कुणी कुणाला पाडलं ते पडद्यावर दाखवणाऱ्या सूचना आपल्याकडे बंद असतात. ‘खऱ्या लढाईत कोण सांगायला येतं?’ म्हणून त्या मीच बंद करवल्या.)

पण खरा धक्का डोळ्यांनी बसला नाही, कानांनी बसला. बोलायचं बटण दाबून धरलं की त्या माणसाला दुसऱ्याचं ऐकू येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे, खऱ्या विमानाचा वायरलेस तसाच असतो. मी त्या वेळी बटण दाबून शार्दूलला रांगेत कसं उडावं यावर व्याख्यान देत होतो. दोन मिनिटं आणि चाळीस सेकंद. आणि त्या व्याख्यानाच्या खाली तुमचा आवाज आहे, रेकॉर्डिंगमध्ये अगदी स्वच्छ. ‘मुकुंदराव, मी समोर आलोय, मारू नका.’ मग परत, ‘मुकुंदराव, थांबा, मी आहे.’ आणि तिसऱ्यांदा नुसतं, ‘मुकुंदराव.’ त्यात राग नाही, घाई नाही. दुकानातून परत जाणाऱ्या माणसाला विसरलेली पिशवी द्यायला हाक मारावी, तसं. मी ऐकलंच असणार, असं धरून तुम्ही पुढे उडत राहिलात. त्या हाकेनं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

आवाज स्पीकरवर होता, म्हणून विजयश्री येऊन दाराशी उभी राहिलेली मला कळली नाही. मी तिला सगळं समजावलं, की दोष तसा यंत्रणेचा आहे, बटण दाबलं की समोरच्याचं ऐकूच येत नाही. ती म्हणाली, ‘आणि घरात कुठलं बटण असतं?’ आणि चहाचा कप उचलून गेली. त्यातला चहा तसाच होता.

तर तक्ता मी पुन्हा भरलाय. रहिमानभाई पडले. का? मुकुंदनं मारलं. का? त्यानं बघितलं नाही कुणाला मारतोय. का? त्याला थांबवलेलं ऐकू आलं नाही. का? तो बोलत होता. आणि पाचवा ‘का’, म्हणजे तो का बोलत होता, इथे मी काल रात्रीच्या जेवणापर्यंत अडलो होतो. शेवटी लिहिलं: कारण चूक नेहमी दुसऱ्याची असते, असं त्याला सव्वीस वर्षं वाटत आलंय. हा कागद मी फाडणार नाही. तुमचे डोळे ठणठणीत आहेत, रहिमानभाई. मागून येणारं तुम्ही पाहिलं नाहीत, कारण मागे मी होतो, आणि माझ्यावर तुमचा भरवसा होता. मला माफ करा.

आपांना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुमचा अपराधी,
मुकुंद

ता. क. एक विनंती आहे. हे सगळं आपल्या दोघांतच ठेवावं. रेकॉर्डिंग मोठं असतं, शार्दूल काही ते पाहायचा नाही, आणि सुखदा काही बोलायची नाही. शार्दूलला मी तीन वर्षं इतकं बोललोय, की हे त्याच्या कानावर गेलं तर मला पिंपरी सोडावी लागेल. शार्दूलला आपण ‘तांत्रिक बिघाड’ असं सांगू. तुम्ही फक्त हो म्हणा.

ता. क. २. वरची विनंती रद्द समजावी. पाकीट चिकटवता चिकटवता सुखदाचा फोन आला. त्या दोघांनी रेकॉर्डिंग मंगळवारीच पाहिलंय. शार्दूलनं त्याच दिवशी तक्त्यावरची आपली मान्यता काढून घेतली आणि तिला म्हणाला, ‘कुणी काही बोलायचं नाही, काका स्वतः सांगतील.’ दोन दिवस तो गप्प आहे. शार्दूल! माझ्याबद्दल इतका चांगला विचार करायचा त्याला काय अधिकार आहे?

ता. क. ३. आता खरं काम. डॉक्टरची वेळ मोडू नका असं विजयश्री म्हणते, पण मी म्हणतो थोडी पुढे ढकला. शनिवारी उमरच्या गाडीतून परत या. जॉयस्टिक मी माळ्यावरून काढून, पुसून, तुमच्या टेबलावर जोडून ठेवली आहे. रविवारी दहाला पुढे मी उडेन आणि माझ्या पाठीशी तुम्ही. मी वळणार नाही, चुकवणार नाही. नेम धरा आणि मारा. मी पडलो, तर तुमचे डोळे ठीक आहेत असं समजू, आणि मग डॉक्टरकडे जायचं की नाही ते तुम्ही ठरवा.