दोन ग्रॅमची अंगठी आणि दोन मिनिटांची शांतता

पाटोदा, गुरुवार

तीर्थस्वरूप सौ. गंगासागर आत्या यांना केदारनाथचा शरणार्थ आणि वाकून नमस्कार.

आत्या, तुमची तब्येत ठणठणीत असेल. हे मी रीत म्हणून लिहीत नाही. गेले दहा-बारा दिवस तुमच्या तब्येतीचा विचार मी जेवढा केला तेवढा उदगीरच्या डॉक्टरनंही केला नसेल. ऑपरेशन झालेला गुडघा आता वाकतो, हे कळलं. (कसं कळलं ते पुढे येईल.) मामांना नमस्कार सांगा, पण पत्र त्यांना वाचायला देऊ नका. फोनवरही बोलता आलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता, मामा मधूनच 'काय म्हणतोय?' म्हणून विचारतात, मग शेजारची कुणी तरी दारात येऊन उभी राहते. मला जे सांगायचंय ते एका वेळी एकाच माणसाला सांगता येईल एवढीच माझी छाती आहे.

गुडघ्यामुळे तुम्हाला माझ्या साखरपुड्याला येता आलं नाही. कार्यक्रम मांजरसुंब्याला झाला, आम्हाला आणि बीडकरांना मधलं पडतं म्हणून. मुलगी कावेरी, बीडला क्लासमध्ये गणित शिकवते. तिचे वडील सोमलिंगअप्पा, कापडाचं दुकान आहे, माणूस मऊ. फोटो तुम्ही पाहिलेच आहेत. त्या फोटोंत एका ठिकाणी सगळे माना खाली घालून उभे दिसतात, आणि 'ही कसली पूजा?' असं तुम्ही आईला विचारलं होतं. आई 'नेटवर्क न्हाई' म्हणून फोन ठेवून मोकळी झाली. तर ती पूजा कसली होती ते मी आता सांगतो.

अंगठीपासून सांगावं लागेल. दादा म्हणत होते, पोराच्या साखरपुड्याला अर्ध्या तोळ्याची करू, मी घालतो पैसे. मला मात्र अंगठी स्वतःच्या कमाईतून घ्यायची होती. (भांड्यांच्या दुकानातली माझी कमाई आणि सोन्याचा भाव यांची तुम्हाला कल्पना आहे.) कावेरीला मी फोनवर आधीच सांगून बसलो होतो की आपली अंगठी वजनाची नसेल, अर्थाची असेल. ती म्हणाली, चालेल. मग बीडच्या सराफाकडून दोन ग्रॅमची, अगदी साधी अंगठी घेतली. आता तिच्यात अर्थ कुठून आणायचा? मोबाईलवर वाचलं होतं की आतल्या बाजूला नाव कोरतात. सराफ म्हणाला, एवढ्या पातळ अंगठीवर नाव घालणं म्हणजे पापडावर पहार मारणं, आणि हट्टच असेल तर बाहेरगावी पाठवावी लागेल, आठ-दहा दिवस लागतील. साखरपुडा होता चार दिवसांवर.

पण आत्या, गेली सहा वर्षं मी तांब्या-पातेल्यांवर नावं टाकतोय. सगळ्या तालुक्यातल्या लग्नांतली भांडी माझ्या मशीनखालून गेलीत. म्हटलं, जिनं लोकांच्या संसारावर नावं घातली तीच मशीन माझ्या संसारावर का घालणार नाही? (असे विचार मला दुकानात गिऱ्हाईक नसलं की येतात.) अंगठी पकडीत धरली आणि 'कावेरी' लिहायला घेतलं. 'क' झाला. काना देताना सुई खोल रुतली. अंगठीला भोक पडायचं तेवढं राहिलं, पण खड्डा पडला आणि तिचा आकार वालाच्या दाण्यासारखा झाला. मग ती पेचकसाच्या मुठीवर चढवून ठोकून गोल केली, तर अंगभर टवके पडले. टवके जावेत म्हणून भांडी घासायच्या पावडरीनं घासली, तर चमक गेली. संध्याकाळपर्यंत माझ्या हातात नवी कोरी अंगठी होती, जी कुणीतरी चाळीस वर्षं शेणा-मातीत वापरल्यासारखी दिसत होती. घरी कुणाला दाखवली नाही. डबीत घातली ती थेट मांडवात काढली.

अंगठी घातली, टाळ्या झाल्या, माझ्या तोंडात पेढा कोंबला गेला. तेवढ्यात कावेरीच्या मावशीनं, चंद्रभागाबाईनं, तिचा हात उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "गं बाई, अंगठी वापरलेली दिसायली की. ह्यो खड्डा कशाचा?" मांडवात दोनशे माणूस, आणि माईकवाला नेमका तिच्या शेजारी. प्रश्न शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

तेव्हा खरं सांगायचं होतं. मशीन, सुई, काना. मला फक्त एवढंच दिसलं की सगळे माझ्या दोन ग्रॅमकडे बघतायत. तोंडातून निघून गेलं, "जुनीच आहे. माझ्या आत्याची. गंगासागर आत्याची. लहानपणी तिनंच मला वाढवलं." (शेवटचं वाक्य खरं आहे, तेवढं लक्षात ठेवा.) चंद्रभागाबाईचा चेहरा एकदम बदलला. मायेनं म्हणाली, "कुठं हायत मग आत्या?"

मी 'उदगीर' म्हणायला गेलो. 'उ' निघाला आणि पेढा घशात अडकला. श्वास कोंडला, डोळ्यांतून पाणी आलं, कुणीतरी पाणी द्या म्हणून मी हात वर केला. आत्या, लोकांच्या जागी तुम्ही असता तर तुम्हालाही तेच वाटलं असतं. डोळ्यांत पाणी असलेला नवरा मुलगा 'उं' करतोय आणि वर बोट दाखवतोय. सोमलिंगअप्पांनी हात जोडले. माईक घेतला आणि भरल्या आवाजात म्हणाले की ज्या माउलीनं जाता जाता पोरासाठी अंगठी ठेवली तिच्यासाठी आपण सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहावं.

सगळे उभे राहिले. वाढपी पळी हातात धरून उभे राहिले. आई उभी राहिली. दादा उभे राहिले, स्वतःच्या जिवंत बहिणीसाठी, मान खाली, आणि त्या खालच्या मानेतून त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. पेढा गिळेपर्यंत शांतता सुरू झाली होती, आणि शांततेत बोलायचं कसं? पण ती संपल्यावर बोलता आलं असतं. तेव्हा माझ्या तोंडात काहीही नव्हतं. चंद्रभागाबाईनं ती अंगठी स्वतःच्या डोळ्यांना लावली, आणि मला, आत्या, बरं वाटलं. याची लाज मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटते.

घरी दादा माझ्याशी बोलले नाहीत. आई एवढंच म्हणाली, "जित्या माणसासाठी उभी ऱ्हायले मी." मी म्हटलं, वेळ बघून सांगतो. अशी वेळ कधी येत नसते. पुढच्या सोमवारी सोमलिंगअप्पाच कावेरीला घेऊन पाटोद्याला आले. सोबत पिशवी. पिशवीत दुखवट्याचा टॉवेल आणि टोपी, स्वतःच्या दुकानातली, चांगल्यापैकी. दादांना म्हणाले, आमच्याकडून राहून गेलं होतं. दादांनी नको म्हणायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि टोपी घेतली. टोपी त्यांच्या हातात असतानाच त्यांचा फोन वाजला. तो तुमचा होता. दादांनी कट केला. तुम्ही परत लावलात, त्यांनी परत कट केला. 'भाऊ बदलला' म्हणून तुम्ही रागावलात ते आईनं सांगितलं. भाऊ बदललेला नाही, आत्या. त्याच्या हातात तुमच्या दुखवट्याची टोपी होती.

मग तुम्ही माझ्या फोनवर लावलात. मी आत पाणी आणायला गेलो होतो आणि फोन फळीवर, कावेरीच्या हाताशी. तिनं नाव वाचलं आणि उचलला. तुमच्याशी त्या दिवशी जी मुलगी बोलली, जिनं तब्येत विचारली आणि जिला तुम्ही ऑपरेशनपासून शेकण्यापर्यंत गुडघ्याचं सगळं सांगितलंत, ती कावेरी. मी पाणी घेऊन आलो तर ती फोनमध्ये 'हो, हो, जपा' म्हणत होती. वडिलांनी विचारलं कोण होतं, तर म्हणाली, "एक पेशंट."

जाताना म्हणाली, मला दुकान दाखवा. दुकानात आल्यावर पातेली बघत बघत सहज बोलल्यासारखं म्हणाली, "आत्याचा गुडघा आता बराच वाकतो म्हणे."

मी तिथंच स्टुलावर बसलो. सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग अंगठी काढून खड्ड्यात निरखून पाहिलं.

"हा 'का' आहे?"

"हो."

"तुम्ही स्वतः लिहिला?"

"हो."

"मग हेच का नाही सांगितलंत मांडवात?" मी समोरचं पातेलं उगाच पुसायला लागलो. तेव्हा ती म्हणाली, "मला दोन ग्रॅमची लाज वाटली नव्हती. तुम्हाला वाटली. आणि त्यापायी तुम्ही जिवंत बाई मारलीत." अंगठी माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, आधी अप्पांना सांगा, मग आत्याला, आणि दोन्हीकडे तोंडानं सांगा. मग बघू.

दुसऱ्याच दिवशी बीडला गेलो. दुकानात अप्पांपुढे लग्नाच्या पत्रिकेचा नमुना होता, आणि त्यात सगळ्यात वर, त्यांच्या स्वतःच्या आई-वडिलांच्याही वर, 'कै. गंगासागरबाई यांच्या कृपाशीर्वादाने' असं छापलेलं. ते पाहून माझा धीर सुटला आणि धीर सुटल्यामुळेच सगळं बोलून गेलो. ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. समोरचा कापडाचा गठ्ठा उगाच सरळ केला.

"मी त्या दिवशी खरंच रडलो हो, केदारनाथ," म्हणाले. "आमची आक्का गेली तवा मी सुरतेला मालासाठी गेलतो. पोचेपर्यंत सगळं झालतं. त्या दिवशी मांडवात म्हटलं, तिच्यासाठीबी उभं ऱ्हाऊन घ्यावं."

मी म्हणालो, "अप्पा, मला दोन ठेवून द्या."

"ठेवून काय व्हणार हाय? चहा घ्या." मग पेन काढून त्यांनी 'कै.' खोडलं आणि मला विचारलं, "सौ. लिहायचं ना?" मी म्हटलं, हो, मामा आहेत. त्यांनी लिहिलं. 

तर आत्या, झालेलं हे असं आहे. येत्या रविवारी अप्पा, कावेरी आणि मी उदगीरला तुमच्याकडे येतोय. दादा येणार नाहीत, म्हणतात आक्काला तोंड कुठलं दाखवू. अंगठी मी खिशात आणेन. कावेरीनं घातली तर तुमच्यासमोर घालेल, नाही तर नाही. मी तुमचा भाचा आहे म्हणून माझी बाजू घेऊ नका, एवढंच मागतो. तुमच्या पायांशी बसायचीही माझी लायकी नाही, तरी बसेन.

आपला,
केदारनाथ

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलं. कावेरीनं तोंडानं सांगायला सांगितलं होतं, पत्रानं नव्हे. पण दारात उभं राहून पहिल्यांदाच सांगायला माझी जीभ उचलणार नाही, म्हणून हे आधी पाठवतोय. रविवारी मी बोलायला लागलो की तुम्ही काहीच माहीत नसल्यासारखा चेहरा करा. पत्र गादीखाली ठेवा.

पुन्हा ता. क. : वरची ता. क. लिहून झाल्यावर वाचली. मी परत तुम्हालाच खोटं वागायला सांगतोय. खोडणार होतो, पण खोडलेलं तुम्ही उजेडात धरून वाचताच. तेव्हा तसं काही करू नका. कावेरीनं विचारलं तर पत्र तिच्या हातात द्या. ही ता. क. सुद्धा वाचू दे.

शेवटची ता. क. : सोमलिंगअप्पा दारात चपला काढताना घुटमळतील, काय बोलावं ते त्यांना सुचणार नाही. तुम्ही आधी हाक मारा. आणि बोलता बोलता त्यांनी तुम्हाला आक्का म्हटलं, तर आत्या, तेवढी ओ द्या.