नावातील दुरुस्ती

१२ मे २०२५, मंगळवार पेठ

वस्तुस्थिती क्रमाने. एक: कोडोलीत माझ्या धाकट्या भावाच्या, अण्णासाहेबाच्या, शेतात ओढ्याकाठी करंज-जांभळांची अर्ध्या एकराची पट्टी आहे. ती त्याने कधीही नांगरली नाही. दोन: काठ असा राखणाऱ्या शेतकऱ्यास सरकार पाच वर्षे अनुदान देते. तीन: फेब्रुवारीत त्याने अर्ज केला, मी तो तपासून दिला. चार: अर्ज नामंजूर. कारण – 'कागदपत्रांत तफावत.' कसली तफावत? तेवढे लिहिण्याचेही कष्ट नाहीत!

त्याच्या मुलाने, प्रसेनजीतने, आधीच बजावले आहे – "अनुदान आलं तर झाडं ऱ्हातील. न्हाय तर ऊस."

१५ मे

अण्णासाहेब कार्यालयात जाऊन आला. फोनवर म्हणे, "जाऊ दे आक्का. ऊन लई हाय, तू नगं जाऊस तिकडं."

मी जाणारच. तेहतीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवली. असला निष्काळजीपणा कधी खपवून घेतला नाही.

२० मे

गेले. कारकुनाने अर्ज पुढे सरकवला.

"बाई, सातबाऱ्यावर अण्णासो. आधारवर अण्णासो. अर्जात अण्णासाहेब! ह्यो दुसराच माणूस झाला की!"

'सो'वर आडवी रेघ. वर टपोऱ्या अक्षरांत 'साहेब'. अक्षर माझे.

फेब्रुवारीत त्याने हरकत घेतली होती – "समदा गाव अण्णासोच म्हणतोय की." मी म्हणाले होते, "अण्णासो हे नाव नव्हे, नावाचा आळस आहे." तो हसला होता.

"नाव नीट लिवून पुढच्या वर्षी द्या," कारकून म्हणाला. "हमखास हुईल."

२१ मे

अण्णासाहेबाला सांगायला फोन हातात घेतला. सांगितले नाही.

२४ मे

आजही नाही.

२ जून

प्रसेनजीतने जेसीबी लावला. मी पोचले तेव्हा जांभळाची झाडे आडवी पडली होती, पिकल्या फळांसकट. शेजारचे गणपतराव बांधावरून ओरडले, "बरं झालं अण्णासो! पडीक ठिवून सरकारकडं पैसं मागत हुतास व्हय?" अण्णासाहेब आडव्या फांद्या बाजूला ओढत राहिला.

प्रसेनजीत फळे वेचत होता. "आत्ती, डबा हाय का गं?"

माझ्याजवळ डबा नव्हता. एवढेच बोलून परतले.

५ जून

सांगितले! फोनवर, एका दमात.

तो म्हणाला – "मला ठावं हाय आक्का. पयल्याच दिवशी दावलं त्यांनी. तुझं अक्षर वळखतोय की मी." आणि लगेच, "जेवलीस का?"

६ जून

पत्र टाकले. मसुदा येथे ठेवते:

"प्रसेनजीतला खरे सांगितले असतेस, तर तो वर्षभर थांबला असता. मीही सांगितले नाही. माझे कारण भित्रेपणा. तू पोरापुढे माझे नाव का काढले नाहीस? फोन करू नकोस. लेखी कळव."