बाबांच्या झाडाखालचा सेन्सर

१४ डिसेंबर
बाबा जाऊन चार महिने झाले. शेंदूरजनाघाटची बाग आता माझ्याकडे. संत्र्याची चारशे झाडं. आंबिया बहारासाठी आजपासून ताण, म्हणजे पाणी बंद. झाडं पुरेशी सुकली की पुन्हा पाणी, मग फुलं. ते नेमकं कधी, एवढाच निर्णय. बाबांची झोप उडायची. मी अ‍ॅप घेतलं. मातीतला ओलावा मोजणारा त्याचा सेन्सर बाबांच्या लाडक्या झाडाखाली पुरला. अ‍ॅप म्हणेल तेव्हाच पाणी. शिवाय उद्यापासून पहाटे पाचला उठणार.

१५ डिसेंबर, सकाळी ८.४०
थंडी होती. उद्यापासून नक्की.

२९ डिसेंबर
विचित्र प्रकार. रोज सकाळी ५.५० ला ओलावा वाढतो. पाऊस नाही, ड्रिप बंद. बाबा याच वेळेला त्या झाडाखाली जाऊन उभे राहायचे. त्यांची राखही तिथेच घातली आहे.
दव असेल. डेटामध्ये भावना आणायच्या नाहीत. तरी अंगावर काटा आला.

११ जानेवारी
डोमाजी बाबांच्या वेळचे सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारे. म्हणाले, भाऊ, पानं गुंडाळून राहिले, आता पाणी सोडा. मी मोबाइल दाखवला, ओलावा भरपूर. ते म्हणाले, मोबाइलले काय समजते, माती उकरून पाहा, शेषरावजी असते तं... पुढचं ऐकलं नाही. गावात सगळ्यांचं बोलणं बाबांच्या नावाशीच येऊन थांबतं. एक निर्णय तरी माझा असू दे.

२२ जानेवारी
पानगळ जोरात. शेजारच्या बागांना पाणी सुटलं. अ‍ॅप म्हणतं, थांबा. ५.५० चा ओलावा रोज येतोच. सेन्सर उपटून बघायला गेलो, पण हात लावला नाही. खरं लिहितो, भीती वाटली. बाबा खालून बघताहेत असं वाटलं.
लवकर उठण्याचं एक तारखेपासून.

३ फेब्रुवारी
पहाटे पावणेसहाला उठलो! दार आधीच उघडं होतं. झाडाखाली कोणीतरी उभं. आई होती. पाण्याचा पितळी गडवा बुंध्याशी रिकामा करत होती, बरोबर सेन्सरवर. विचारलं तर म्हणाली, काहून रे, सारी बाग तहानली, तुया बाबाले तहान लागत नसन काय? ताण सुरू झाल्यापासून रोजचा एक गडवा त्याईचा.
लगेच सगळ्या बागेला पाणी सोडलं.

२६ फेब्रुवारी
उशीर झाला होता. शेंडे वाळले. यंदाचा बहार गेला. बाबांचं झाड तेवढं हिरवंगार, पण ताणच न बसल्यामुळे त्यालाही फूल नाही.
आईने विचारलं, काय चुकलं रे? मशीन खराब निघालं, म्हणालो. ती म्हणाली, राहू दे, तुया बाबाले म्या सांगतो, ते आता रागावत नाहीत.
गोठ्यामागे जाऊन खूप रडलो. डोमाजी आले. त्यांना सांगितलं, फवारणीचं औषध डोळ्यांत गेलं. ते म्हणाले, भाऊ, आज फवारणी कुठं होती?