वाढीव आवृत्तीची वाट

प्रिय बाबा,

पाकिटातून खेळाच्या डब्याबरोबर पत्र निघालं म्हणून कपाळाला आठ्या घालू नका. चष्मा लावा. मुद्दाम मोठं अक्षर काढलंय. आणि हे घरी नेऊन वाचू नका, कोपऱ्यावरच्या दुकानात जी खिडकीजवळची खुर्ची आहे तिथेच बसा, गरम सोयादूध घ्या आणि वाचा. पार्सल घरी न पाठवता त्या दुकानात, तुमच्याच नावावर पाठवलं आणि तुम्ही दिसलात की हातात द्या असं त्यांना सांगून ठेवलं, कारण घरी आलेलं प्रत्येक पाकीट हल्ली आई आधी उघडते. तुमचा फोनही आता तिच्याच एप्रनच्या खिशात असतो. मी काही लिहिलं तर ती आधी स्वतः वाचते, त्यातलं तिखट काढून टाकते आणि मग तुम्हाला ऐकवते. तुम्हाला वाटतं, डोळ्यांना ताण नको म्हणून बिचारी वाचून दाखवते. वाटू दे.

गेल्या महिन्यात तुम्ही घरच्या ग्रुपवर दवंडी पिटलीत. सेनापतींच्या त्या कॉम्प्युटरवरच्या खेळाचा नवा भाग येतोय, पहिल्याच दिवशी घ्यावा की वर्षभर थांबून वाढीव आवृत्ती घ्यावी, सगळ्यांनी मत द्या. मला हसू आलं. जन्मात कुणाचं मत न घेतलेला माणूस दरबार भरवतोय! चिहंगदादाने दोन मिनिटांत लिहिलं, "थांबा बाबा, घाई काय आहे? पुढच्या वर्षी मी स्वतः आणून देतो." आईने हसऱ्या मांजराचं चित्र टाकलं. तुमच्या जिवलग दोस्ताने, गुआन काकांनीही लिहिलं, "थांब रे, पहिली आवृत्ती नेहमी अर्धीकच्ची असते." मी काहीच लिहिलं नाही. मग तुमचा निकाल आला, "ठरलं, थांबू या. च्युनचं मत आलं नाही तरी चालेल, तिची बुद्धी किती ते आपल्याला माहीतच आहे." खाली तीन हसरे चेहरे. तैचुंगला चष्म्याच्या दुकानात एका गिऱ्हाईकाच्या नाकावर फ्रेम बसवत होते, तेव्हा ते वाचलं. बाई म्हणाल्या, "अहो, टोचतंय." 

तुमचं म्हणणं मला तोंडपाठ आहे. पहिल्या दिवशी खेळ विकत घेतो तो बिनपगारी शिपाई. कंपनी त्याला पुढे पाठवते, खड्डे कुठे आहेत ते त्याच्या पायांनी शोधते, आणि वर्षाने खड्डे बुजवून, नवी राज्यं नि नवे सेनापती घालून खरा खेळ बाहेर काढते. तो घ्यायचा. शाळेत होते तेव्हापासून बघतेय, तुम्ही एकदाही हा नेम मोडला नाहीत. गुआन काका मात्र दर वेळी पहिल्या दिवशी डबा काखेत मारून तुमच्या स्कूटर दुरुस्तीच्या दुकानात हजर. दोन दिवसांनी शिव्या देत यायचे, "अरे, नदी ओलांडताना माझी अख्खी फौज गायब झाली!" तुम्ही पाना हातात धरून असे हसायचात की खोकला लागायचा. हेच गुआन काका तुम्हाला म्हणाले, थांब. बाबा, आयुष्यभर दुसऱ्यांचे डाव ओळखण्याचा तुमचा तोरा, आणि गुआन काका थांब म्हणतायत यात तुम्हाला काहीच खटकलं नाही? मला वाटलं होतं, तुम्हाला तिथेच कळेल.

आता आकड्यांबद्दल बोलू. आपल्या जियायीत असं घर नसेल जिथे बापाने गंमत म्हणून आपली पोरं त्या खेळात सेनापती म्हणून घातली नाहीत. पण बाकीचे बाप पोरांना खूश करायला घालतात, सगळ्यांना शंभरातले शंभर देतात. तुम्ही न्यायाला बसलात. चिहंगदादा, शौर्य नव्वद, बुद्धी ऐंशी. मी, शौर्य बारा, बुद्धी एकतीस. आणि निष्ठा, सगळ्यांत कमी. दहा वर्षांची होते मी. विचारलं, "बाबा, निष्ठा म्हणजे काय?" तुम्ही म्हणालात, "म्हणजे शत्रूने गोड खाऊ दाखवला की तू आम्हाला सोडून जाशील." सगळे हसले. मीही हसले, मला वाटलं खाऊ मिळणार आहे.

नववर्षाचा दुसरा दिवस आठवतो? आत्या माहेरपणाला आल्या होत्या, घर पोराटोरांनी भरलं होतं, आणि तुम्ही सगळ्यांसमोर खेळायला बसला होतात. माझी सेनापती ज्या गावात होती ते गाव शत्रूने घेतलं आणि ती खरंच त्यांच्याकडे गेली. मग तुम्ही ते गाव परत जिंकलंत आणि ती कैद होऊन तुमच्यासमोर आली. खाली तीन पर्याय, पदरी ठेवा, सोडून द्या, शिरच्छेद करा. तुम्ही खुर्ची वळवून पोरांना विचारलंत, "काय करू या हिचं?" आत्यांची सगळी कार्टी एका सुरात ओरडली, "मुंडकं उडवा!" मी तुमच्या बाहीला धरून म्हणाले, "बाबा, नको, ती चुकून गेली." तुम्ही बटण दाबलंत. पडद्यावरचा माझा चेहरा काळा पडला आणि यादीतून नाव गेलं. मी भोकाड पसरलं तर म्हणालात, "निष्ठा नसलेला माणूस पदरी ठेवायचा नसतो, लक्षात ठेव." ठेवलं. पण निष्ठेचा तो आकडा तुम्हीच आपल्या हाताने भरला होतात, ही गोष्ट त्या खोलीत एकाही शहाण्याच्या लक्षात आली नाही.

मुंडकं खेळात उडालं, त्याचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. पण आकडे पुढे खेळात राहिले नाहीत ना. जसा आकडा तशी नेमणूक. दादाची बुद्धी ऐंशी म्हणून तो तैपेईला शिकायला. मी एकतीसवाली, मी दुकानात, ऑइलचे डबे मांडायला आणि गिऱ्हाईकांना चहा द्यायला. शाळेतल्या बाई घरी येऊन म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे हो, त्साय साहेब." तुम्ही म्हणालात, "हुशार असती तर मला आधी कळलं असतं." दादाने सरकारी परीक्षेला तीन वेळा वेढा घातला आणि तिन्ही वेळा उपाशी परत आला, तरी त्याची बुद्धी तुम्ही ऐंशीच ठेवलीत. मी घर सोडून तैचुंगला गेले, नजर तपासण्याचं शिक्षण घेतलं, परवाना काढला. त्या वर्षीच्या नव्या भागात माझी बुद्धी किती केलीत? पस्तीस. आईने मोठ्या कौतुकाने फोनवर सांगितलं, "अगं, चारने वाढवली त्यांनी!" मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. हो, त्या पस्तिसासाठी. एवढी मूर्ख आहे मी, तेवढं बरोबर ओळखलंत.

तुम्हाला माहीत नसेल, मीही तो खेळ खेळते. दर वेळी पहिल्या दिवशी घेते, तुमच्या नाकावर टिच्चून. माझ्या खेळात तुम्हीही आहात. बुद्धी पंच्याण्णव, कारण ती आहे. प्रेमळपणा नऊ, कारण तोही तेवढाच आहे. शत्रूच्या बाजूला ठेवलंय तुम्हाला. दर डावात तुम्ही कधी ना कधी माझ्या हाती लागता, कैद होऊन समोर येता, आणि तेच तीन पर्याय येतात. मी दर वेळी तुम्हाला सोडून देते. तुम्ही दर वेळी जास्त मोठी फौज घेऊन परत येता आणि माझं एखादं गाव जाळता. तरी अजून माझं बोट त्या तिसऱ्या पर्यायावर गेलेलं नाही.

तुमच्या दुकानातला आ-दे आठवतो? एका स्कूटरचा ब्रेक नीट बसला नव्हता आणि त्याने तुम्हाला सांगितलं, "सगळं ठीक आहे, शेठ." तुम्हाला वाईट वाटू नये, तुम्ही थकला होतात, म्हणून म्हणाला. ती स्कूटर घेऊन गेलेलं पोर चौकात आपटलं. तुम्ही आ-देला त्याच दिवशी काढलंत. त्याची म्हातारी आई दारात येऊन हात जोडत होती तरी विरघळला नाहीत. म्हणालात, "खोटी बातमी आणणारा हेर शत्रूपेक्षा वाईट. शत्रू निदान समोरून येतो." तुमचं मला पटलेलं हे एकच वाक्य.

आणि गुआन काकूंचं बघा. त्यांना शेवटपर्यंत सांगितलं गेलं की छातीत थोडा कफ आहे, निघेल. काकू ओसाकाला लेकीकडे जायचं पुढे ढकलत राहिल्या, "खोकला थांबला की जाईन गं." नातवासाठी विणलेली टोपी घेऊन बसल्या होत्या. खोकला थांबला तो त्यांच्याबरोबरच. अंत्यविधीहून आलात आणि पाय धुता धुता म्हणालात, "आम्ही शेवटपर्यंत तिला पत्ता लागू दिला नाही." केवढा अभिमान होता आवाजात. मग टॉवेल घेताना थांबलात, हळूच म्हणालात, "पण कळलं असतं तर जाऊन आली असती बिचारी." ते दुसरं वाक्य तुम्हाला आठवत नसेल. मी मागेच उभी होते.

तुमचा पट्टा आता कितव्या भोकावर आहे? मागच्या वेळी आले तेव्हा खिळ्याने नवं भोक पाडून घेतलेलं दिसलं. तुमचा लाडका टर्कीभात तुम्ही वाटीभर मागवलात आणि अर्धा माझ्याकडे सरकवलात. तुम्ही! आई तुम्हाला दोन्ही वेळा पेज देते आणि अंगणातल्या पेरूच्या झाडालाही कळेल इतकं खोटं हसते. दादा दर रविवारी तैपेईहून येतो, पूर्वी वर्षातून दोनदा यायचा. तुमच्या खेळात एखादा सरदार बोलावल्याशिवाय दर आठवड्याला मुजऱ्याला येऊ लागला असता, तर तुम्ही त्याच्यामागे हेर लावला असतात. इथे मात्र म्हणालात, "पोरगं सुधारलं."

त्या दिवशी हॉस्पिटलात डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर बाकावर बसवलं आणि आम्हाला आत बोलावलं, औषधं कशी द्यायची ते समजवायला. औषधांचं काही नव्हतं, बाबा. तुम्हाला सांगितलाय तसा पोटात व्रण नाही, कॅन्सर आहे, आणि तो पार पसरलाय. डॉक्टर म्हणाले, नववर्ष दिसलं तर नशीब समजा. दादा तिथेच म्हणाला, "बाबांना कळता कामा नये, खचतील." आईने माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घातली. बाहेर आलो तर तुम्ही बाकावर, मांडीवर माझी पर्स घट्ट धरून बसला होतात, कुणी चोरू नये म्हणून. म्हणून हा डबा पाठवला. खेळ आज सकाळीच आला, दुकान उघडायच्या आधी रांगेत उभं राहून घेतला. अर्धाकच्चा आहे, नदी ओलांडताना फौज गायब होईल, शिव्या द्या, पण आत्ताच खेळा. वाढीव आवृत्ती येईल तेव्हा ती मी खेळत असेन, तुम्ही नसाल. हे मी तुमच्यावरच्या प्रेमाने लिहितेय की नववर्षाच्या त्या दुसऱ्या दिवसाचा सूड म्हणून, ते खरंच मला सांगता येत नाही. लिहिताना एक वेळ अशीही आली की बरं वाटलं. आता उठा, डबा जाकिटात लपवा, घरी जा आणि सगळ्यांसमोर पुढच्या वर्षाच्या गप्पा मारा. त्यांनी तुमच्यापुढे इतके दिवस नाटक केलं, आता तुम्ही करा. आणि नव्या डावात मला घालाल तेव्हा बुद्धी पस्तीसच राहू द्या. निष्ठेचा आकडा मात्र नव्याने भरा. शपथ मोडून खरी बातमी आणलीय, ती कुणासाठी आणली ते बघा आणि मग काय भरायचं ते भरा.

तुमचीच,
च्युन